आठ किलो कचरा आणि पंधरा लाखांचा विमा

पाचनई, बारी, साम्रदसारख्या पायथ्याच्या गावांतून आलेले वाटाडे आणि ट्रेकच्या पंगतींना पिठलं-भाकरी रांधून घालणाऱ्या मावश्या, या सर्वांचं स्वागत समितीच्या वतीने मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने हार घालावेत, जेवणाच्या वेळा सांगाव्यात आणि खाली बसावं असा संकेत आहे. संमेलनाचा यंदाचा विषय ‘जबाबदार गिर्यारोहण’ असल्याने तो थोडा मोडावा लागतो आहे. या विषयात डोंगराच्या स्वच्छतेबद्दल पुष्कळ बोललं जातं. ती स्वच्छता कोणाच्या पाठीवरून खाली येते, हे बहुधा राहून जातं.

एव्हरेस्टचंच उदाहरण घ्यावं. ७ जून १९२२ रोजी नॉर्थ कोलच्या उतारावर हिमप्रपात कोसळला. ब्रिटिश मोहिमेतला मॅलरी आणि त्याचे दोन ब्रिटिश साथीदार वाचले, सात हमाल गेले. त्यानंतर ९२ वर्षांनी, १८ एप्रिल २०१४ला, नेपाळच्या बाजूला खुंबू आइसफॉलवर बर्फाचा कडा तुटून पडला आणि १६ जण दगावले. सगळे नेपाळी, सगळे कामावर असलेले. पैसे भरून आलेला एकही गिर्यारोहक त्यांत नव्हता, आणि हा निव्वळ नशिबाचा भाग नव्हे. आइसफॉल म्हणजे सरकत्या हिमनदीची पडझड: रोज हलणारे मनोरे, रोज रुंदावणाऱ्या भेगा. गिऱ्हाईक तिथून मोजक्या वेळा जातं. तंबू, दोर, अन्न, गॅस आणि ऑक्सिजनचे सिलिंडर वर पोचवणारा माणूस तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवतो. गिऱ्हाइकाची जोखीम कमी होते, कारण तिच्यातला मोठा वाटा दुसऱ्या कोणी तरी उचललेला असतो.

त्या अपघातानंतर नेपाळ सरकारने मृतांच्या कुटुंबांना तातडीची मदत जाहीर केली ती ४० हजार नेपाळी रुपयांची. शेर्पा संतापले, बेस कॅम्पवर सभा झाल्या, त्या बाजूचा हंगाम जवळजवळ गुंडाळला गेला. त्या रेट्यामुळे उंचीवर काम करणाऱ्यांचा विमा १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपयांवर गेला. एका मोहिमेसाठी गिर्यारोहक जे मोजतो त्याच्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. नुसत्या परवान्याचं शुल्क २०१५पासून ११ हजार डॉलर होतं, सप्टेंबर २०२५पासून ते १५ हजार झालं.

त्याच २०१४ साली कचऱ्याचा नियम आला. प्रत्येक चमूने चार हजार डॉलर अनामत ठेवायची आणि प्रत्येक गिर्यारोहकामागे आठ किलो कचरा खाली आणायचा. नियम वाचायला झकास होता. पण आठ किलो आणायचे कोणी, याबद्दल तो गप्प होता, आणि थकलेलं गिऱ्हाईक खाली येताना स्वतःची पिशवीही शेर्प्याकडे देतं. शिवाय कचरा मोजला जायचा बेस कॅम्पला, त्यामुळे खालच्या कॅम्पवरचा कचरा आणूनही भरती करता यायची. सर्वांत जास्त घाण असते साउथ कोलवर, सुमारे ७,९०० मीटरवर. तिथले गोठलेले तंबू कुदळीने खणून काढावे लागतात. २०२४ला नेपाळी सैन्याच्या मोहिमेने ११ टन कचरा, चार मृतदेह आणि एक सांगाडा खाली आणला. बातम्यांत सैन्याचं नाव ठळक होतं. वरच्या उंचीवर खणणारे हात बरेचसे शेर्प्यांचे होते. त्याच वर्षी खुंबू पासाङल्हामु गावपालिकेने प्रत्येकाने आपली विष्ठा पिशवीत बांधून परत आणण्याची सक्ती केली. चांगलंच झालं. ती पिशवी ज्याची त्याने आणावी, एवढंच मागणं.

आता तिथे ड्रोन आले आहेत. बेस कॅम्प आणि कॅम्प वन यांच्यामधलं ओझं, जे न्यायला शेर्प्याला आइसफॉलमधून कित्येक तास लागतात, ते ड्रोन काही मिनिटांत नेतात. परतीच्या खेपेत कचराही आणतात. जीव वाचतील, यात शंका नाही. पण या धंद्यात रोजीव्यतिरिक्त वाहिलेल्या खेपेमागे पैसे मिळतात, आणि शिखर गाठलं की बक्षिशी. खेपा घटल्या की कमाईही घटणार, हे आधीच धरून मूळ मजुरी वाढवली तरच ती सुधारणा कामगाराची ठरेल. शिखराच्या बक्षिशीबद्दलही एक शंका मांडून ठेवावीशी वाटते: गिऱ्हाइकाला मागे फिरवल्यावर ज्याचे पैसे बुडतात, त्याने वेळेवर मागे फिरवावं ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

शेर्पा निदान नावाने तरी जगाला माहीत आहेत. लुक्ल्याहून नामचेकडे पाठीवर डोको (टोपली) आणि कपाळावर नाम्लो (तिचा पट्टा) लावून निघालेला भारवाहक पुष्कळदा राई, तामाङ किंवा मगर जमातीचा असतो, खालच्या उंचीवरच्या गावातून आलेला. त्याला उंचीची सवय असतेच असं नाही; शेर्पा नाही म्हणून त्याला बूट-जाकीटही दुय्यम मिळतं. उंचीच्या आजाराने एका तरुण भारवाहकाचा बळी गेल्यावर १९९७मध्ये ‘इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप’ उभा राहिला. त्याच्या मागण्या साध्या आहेत: उंचीला साजेसे कपडे, झोपायला निवारा, गिऱ्हाइकाइतकीच औषधपाण्याची सोय, आणि आजारी माणसाला पैसे हातावर टेकवून एकट्याने खाली न धाडणं. हे लिहून मागावं लागतं, यातच सगळं आलं.

चांगलं काय घडतं तेही सांगायला हवं. फोर्त्से गावात २००३पासून खुंबू क्लाइंबिंग सेंटर हिवाळ्यात स्थानिकांना दोर, गाठी, बचाव आणि प्रथमोपचार शिकवतं. नेपाळची मार्गदर्शकांची संघटना २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची पूर्ण सदस्य झाली; म्हणजे शेर्पा मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र आता आल्प्समधल्या मार्गदर्शकाच्या तोडीचं आहे. जानेवारी २०२१मध्ये के-टूवर पहिली हिवाळी चढाई करणारे दहाही जण नेपाळी होते. आज कित्येक मोहीम-कंपन्यांचे मालकच शेर्पा आहेत. पैसा नेपाळमध्ये राहतो ही जमेची बाजू. मालक गावचा म्हणून मजुरी आपोआप चांगली होते असं मात्र नाही.

हे सगळं महाराष्ट्रात बसून बोलण्याला कारण आहे. १९२८मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन क्लबने दार्जिलिंगमध्ये शेर्प्यांच्या नोंदी ठेवल्या, उंचावर कामगिरी केलेल्यांना ‘टायगर’ बिल्ले दिले. त्या क्लबचा कारभार आज मुंबईतून चालतो. १९९८ला सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ला पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ची नागरी मोहीम पोचली. मराठी माणसं हिमालयात गिऱ्हाईक म्हणून जातात आणि मोहिमा नेतातही, तेव्हा या हिशेबात तीही आलीच.

आणि सह्याद्री? शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून बस निघते, पाण्याच्या बाटल्या आणि खाऊ शहरातूनच भरलेला. पहाटे गाव झोपेत असताना गडाची वाट धरायची, दुपारी उतरून परत. गावाच्या वाट्याला येतात त्या रिकाम्या बाटल्या. जे आयोजक गावात जेवतात आणि वाटाड्या घेतात, त्यांच्यातही वाटाड्याचा दर बसमध्ये ठरतो, पायथ्याशी घासाघीस होते, आणि दरीत दोर लावून माणसं उतरवणाऱ्या त्या गावच्या पोराच्या विम्याचा विषय कोणी काढत नाही.

म्हणून स्वागत समितीने उद्याच्या सत्रासाठी एक कोरा तक्ता छापून घेतला आहे. प्रत्येक आयोजकाने त्यात आपल्या मागच्या मोहिमेचे किंवा ट्रेकचे चार आकडे भरावेत: प्रत्येकी शुल्क, त्यातून गावात किंवा कामगारांच्या हाती गेलेली रक्कम, त्यांच्या विम्याची रक्कम, आणि खाली आणलेला कचरा कोणी वाहिला. तक्ते भिंतीवर लागतील, नावांसकट. वाटाडे आणि मावश्या ते वाचतील आणि चर्चेला सुरुवात तेच करतील. तक्ते नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत, पेनंही तिथेच आहेत.