यंत्रमानवाचे मोजणारे चाक
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



काल याच व्यासपीठावर सुगम संगीत झाले, उद्या मुलांची नाटुकली आहे. मध्येच ‘रोटरी एन्कोडर’ हा विषय ऐकून काहींनी हळूच घड्याळाकडे पाहिले असेल! पण आपली भिलाई म्हणजे पोलाद घडवणाऱ्यांची वसाहत. इथे नट-बोल्टविषयी बोलायचा संकोच कशाला?

गेली काही वर्षे मी संध्याकाळी इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना त्यांचा रोबो बांधायला मदत करतो. ही मुले ‘रोबोकॉन’ स्पर्धेची तयारी करतात. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. दरवर्षी यजमान देश खेळाचा विषय ठरवतो. २००८ साली ती पुण्यात भरली, तेव्हा विषय होता ‘गोविंदा’, म्हणजे आपली दहीहंडी! २०१४ साली यजमानपद पुन्हा पुण्याकडे आले. वर्षभराची मेहनत आणि सामना अवघा तीन मिनिटांचा. त्या तीन मिनिटांत स्वयंचलित रोबोला एकच प्रश्न सतत सोडवायचा असतो: ‘मी आत्ता मैदानात नेमका कुठे आहे?’

याचे उत्तर देतो तो एन्कोडर. त्याच्या पोटात बारीक फटी असलेली एक चकती फिरते. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारे डोळे. फट समोरून गेली की एक स्पंद मिळतो. स्पंदांच्या दोन रांगा असतात, ‘ए’ आणि ‘बी’. कोणती आधी आली यावरून चाक पुढे फिरले की मागे, ते कळते. मुले बहुधा एका फेरीला ६०० स्पंद देणारा एन्कोडर घेतात. दोन्ही रांगांचे चढ-उतार धरले तर एका फेरीत २४०० नोंदी होतात. ५८ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे १८२ मिलिमीटर, म्हणजे एक नोंद ०.०७६ मिलिमीटरची. कागदावर इतकी बारकाई, आणि तरीही रोबो वीतभर चुकतो! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दोष एन्कोडरचा नसतो, तो बसवण्याचा असतो.

पहिला प्रश्न, बसवायचा कुठे? मोटरच्या शाफ्टवर बसवणे सोपे, पण मोटरचे चाक जागच्या जागी घसरले तरी एन्कोडर ‘पुढे गेलो’ असेच सांगतो. मिलमध्ये रोल आणि धातू यांच्यात घसरण होते, हे आपल्याला ठाऊक आहेच. म्हणून अंतर मोजायला वेगळे, मोटर नसलेले, नुसते जमिनीला टेकून फिरणारे चाक ठेवावे. या चाकाच्या परिघावर छोटे आडवे रोलर असतात, त्यामुळे रोबो बाजूला सरकला तरी चाक फरफटत नाही. दोन चाके समांतर आणि एकमेकांपासून शक्य तितकी दूर. त्यांच्या नोंदींतील फरकावरून रोबो किती वळला ते कळते. तिसरे चाक आडवे, बाजूची सरक मोजायला. दिशा एका अंशाने चुकली तर १० मीटरवर साडेसतरा सेंटीमीटर चूक होते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न, बसवायचा कसा? एन्कोडरचा शाफ्ट साधारण ६ मिलिमीटरचा, आतली बेअरिंग नाजूक. त्यावर चाकाचे ओझे आणि धक्के टाकू नयेत. चाकाला स्वतःचा आस आणि दोन्ही बाजूंना बेअरिंग द्यावी. तो आस लवचिक कपलिंगने एन्कोडरला जोडावा. कपलिंग हातोडीने ठोकून बसवू नये. गोल शाफ्टवर एकट्या ग्रब स्क्रूवर विसंबू नये, सगळीकडून आवळणारे कपलिंग घ्यावे.

चाक स्प्रिंगने जमिनीवर दाबलेले हवे. स्प्रिंग मऊ असेल तर चाक उडते. फार ताठ असेल तर रोबोचे वजन याच चाकावर येते आणि चालवणारी चाके घसरू लागतात. चाकाची भुजा वर-खाली हलावी, डावी-उजवीकडे मुळीच हलू नये. ५० मिलिमीटरच्या भुजेला टोकाशी अर्धा मिलिमीटर खेळ असला तरी चाक अर्ध्या अंशाहून जास्त तिरपे होते. मग रोबो ५ मीटर आडवा सरकला की नोंद होते, ‘५ सेंटीमीटर पुढे गेलो’! शेवटी तारा. त्या एन्कोडरजवळच बांधून टाकाव्यात आणि मोटरच्या जाड तारांपासून दूर न्याव्यात.

आता परीक्षा. जमिनीवर टेप लावून रोबो हाताने ५ मीटर सरळ ढकलावा. नोंदी सुमारे ६५,८५० यायला हव्यात. असे दहा वेळा करावे. दहाही आकडे एकमेकांशी जुळले, पण हिशेबाहून थोडे वेगळे आले, तर चाकाचा व्यास थोडा निराळा आहे. प्रोग्राममध्ये आकडा बदलावा. पण दहा वेळा दहा निराळे आकडे आले, तर संगणक बंद करून पाना हातात घ्यावा. कुठेतरी काहीतरी ढिले आहे.

मंडळी, मला खरे सांगायचे आहे ते हेच. एका संघाने असा ढिला सांधा प्रोग्राममध्ये गुणक घालून झाकला. सरावाच्या फरशीवर रोबो शहाण्यासारखा चालला. स्पर्धेच्या मैदानावर तो पहिल्याच वळणाला भरकटला, आणि चौथ्या वर्षातल्या मुलांना पुढची संधी नव्हती. ती मुले आळशी नव्हती. रात्र-रात्र जागून त्यांनी सुरेख प्रोग्राम लिहिला होता. पण सांधा हाताने हलवून पाहायला त्यांना कोणी शिकवले नव्हते.

ते शिकवणारे हात याच मंडपात बसले आहेत. आपल्यातील कित्येक फिटर, टर्नर आता निवृत्त झाले आहेत. बेअरिंगचा आवाज ऐकून दोष ओळखणारी ही माणसे. ही विद्या कोणत्याही पुस्तकात पूर्ण उतरत नाही; ती आपल्याबरोबरच संपून गेली तर दोष मुलांचा नसेल. म्हणून विनंती एवढीच, आठवड्यातला एक तास या मुलांना द्या. मराठी असोत, छत्तीसगढी असोत की तेलुगू, पाना सगळ्यांच्या हातात सारखाच बसतो. मुलांच्या पालकांनाही सांगतो, त्यांचे हात काळे झाले तर रागावू नका.



गणपती बाप्पा मोरया!