दृढता आणि हट्ट



इंग्रजी भाषेंत 'निशाण डोलकाठीस खिळ्यांनीं ठोकणें' असा वाक्प्रचार आहे. निशाण उतरविणें म्हणजे शरण जाणें. ती वाटच आपण बंद करावी, असा त्याचा अर्थ. १७९७ सालीं डच आरमाराशीं कॅम्परडाउन येथें झालेल्या लढाईंत जॅक क्रॉफर्ड नांवाच्या इंग्रज खलाशानें मोडक्या डोलकाठीवर चढून निशाण खरोखरच ठोकलें. 'आपल्या तोफांना चिकटून राहणें' हा दुसरा वाक्प्रचार. शत्रु चालून आला तरी गोलंदाजानें जागा सोडूं नये. आपण मराठींत 'पाय रोवून उभें राहणें' म्हणतों.

परंतु दृढता कोणती व हट्ट कोणता? १९१७ सालीं पुरें झालेलें आपलें बोदलकशाचें मातीचें धरण पहा. तें जागचें हलत नाहीं. तरी जादा पाणी सांडव्यावाटे जाऊं देतें. सांडवा नसता, तर पाणी माथ्यावरून वाहून धरणच फुटलें असतें, व धानाची शेतें बुडालीं असतीं.

आम्हीहि कित्येकदां तंटा मिटवावयास गेलों आणि स्वतःच्याच मतास चिकटून बसलों. ती दृढता नव्हती, हट्ट होता. म्हणून श्रद्धा व दिलेला शब्द यांवर अढळ राहूं या. राग आणि मानापमान मात्र सांडव्यावाटे जाऊं देऊं या. ह्या ज्युबिलीच्या दिवशीं प्रभूपाशीं एवढेंच मागणें.