राष्ट्राध्यक्षाचा अवमान : एका फ्रेंच कलमाची कथा

राष्ट्रप्रमुखाच्या अवमानास वेगळी शिक्षा ठेवणाऱ्या कायद्यांचा विचार करताना फ्रान्सचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. २९ जुलै १८८१ च्या ज्या कायद्याने त्या देशात वृत्तपत्रांना स्वातंत्र्य दिले, त्याच कायद्याच्या २६ व्या कलमाने राष्ट्राध्यक्षाचा अवमान हा गुन्हा ठरविला. राजाच्या अवमानाचा जुना गुन्हाच प्रजासत्ताकाने नाव बदलून ठेवून घेतला, असे म्हणण्यास हरकत नाही. तथापि त्या काळी त्यात काही तर्क होता. राष्ट्राध्यक्ष बव्हंशी नामधारी असत. कारभार मंत्रिमंडळ चालवी आणि टीकेचे धनीही तेच होई.

१९५८ च्या राज्यघटनेने हे चित्र पालटले. द गॉल यांच्या हाती खरी सत्ता आली. १९६५ पासून तर राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडले जाऊ लागले. कलम मात्र जागच्या जागी राहिले. नामधारी पदासाठी घडविलेले चिलखत आता प्रत्यक्ष सत्ताधाऱ्याच्या अंगावर चढले, हे श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच. द गॉल यांच्या कारकिर्दीत त्याचा वारंवार उपयोग झाला. साध्या बदनामीच्या खटल्यात आपले विधान खरे असल्याचे आरोपीस सिद्ध करता येई. येथे तीही सोय नव्हती. १९७४ साली सत्तेवर आलेल्या जिस्कार यांनी ते वापरण्याचे सोडले.

२८ ऑगस्ट २००८ रोजी लाव्हाल येथे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांची मोटार येत असताना एका नागरिकाने लहानसा फलक उंचावला. त्यावर, सौम्य करून सांगायचे तर, ‘चालता हो, मूर्खा’ एवढेच होते. आणि हे शब्द खुद्द सार्कोझी यांचेच! त्याच वर्षी फेब्रुवारीत पॅरिसच्या कृषिप्रदर्शनात हस्तांदोलन नाकारणाऱ्या एका माणसास त्यांनी ते ऐकविले होते. बोलणाऱ्यास काही झाले नाही. लिहिणाऱ्यास ३० युरोंचा, तोही स्थगित, दंड झाला. रक्कम क्षुल्लक, पण अपराधाचा शिक्का बसला तो बसलाच. अपिलातही तो पुसला गेला नाही. अखेर १४ मार्च २०१३ रोजी स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फ्रान्सविरुद्ध निकाल दिला. फलक हा राजकीय उपहास होता, आणि अशा उपहासास शिक्षा होऊ लागली तर सार्वजनिक प्रश्नांवर लोक बोलण्यास कचरतील, असे त्याचे म्हणणे. ५ ऑगस्ट २०१३ च्या कायद्याने ते कलम रद्द झाले व बदनामीच्या बाबतीत राष्ट्राध्यक्ष मंत्री आणि लोकप्रतिनिधी यांच्या पंक्तीस येऊन बसले.

राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचे संरक्षण मात्र दरम्यान वाढले होते. २००१ साली फ्रान्स-अल्जीरिया फुटबॉल सामन्यापूर्वी राष्ट्रगीत चालू असताना प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजविल्या. पुढे २००३ साली, शासनाने योजिलेल्या किंवा त्याच्या नियमांखालील समारंभात या प्रतीकांचा जाहीर अवमान करणाऱ्यास ७,५०० युरोंपर्यंत दंड ठेवण्यात आला. घटना परिषदेने त्यातून साहित्य-कलाकृती आणि खासगी बैठकीतील बोलणे वगळले.