हौदातील समुद्र



समुद्राची कथा समुद्रावरच चित्रित व्हावी, ही अपेक्षा रास्त वाटते. परंतु समुद्र दिग्दर्शकाची आज्ञा पाळत नाही. ढग सरकतात, प्रकाश पालटतो, नौका जागा सोडते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’चे (१९७५) चित्रण अटलांटिकच्या पाण्यात झाले, तेव्हा ५५ दिवसांचे काम १५९ दिवसांवर गेले. खाऱ्या पाण्याने यांत्रिक शार्कही वारंवार बंद पडे.

यावरचा उपाय म्हणजे चित्रनगरीतील हौद. माल्टा बेटावर कालकारा येथे १९६४ साली समुद्राकाठी असा विस्तीर्ण, उथळ हौद बांधण्यात आला. त्याच्या काठावरून पाणी ओसंडत राहते; त्यामुळे बांध दिसत नाही आणि हौदाचे पाणी पलीकडच्या खऱ्या क्षितिजाला मिळाल्याचा भास होतो.

प्रतिकृतींची अडचण निराळी. जहाज लहान करता येते, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. म्हणून प्रतिकृती शक्य तितकी मोठी करतात आणि कॅमेरा वेगाने चालवून पडद्यावर लाटा संथ, जड दाखवतात. मूळ जहाजाच्या एक-षोडशांश प्रतिकृतीसाठी हा वेग चौपट लागतो.

जेम्स कॅमेरून यांच्या ‘टायटॅनिक’साठी (१९९७) मेक्सिकोत रोसारितो येथे सुमारे १ कोटी ७० लाख गॅलनचा हौद उभारला गेला. जहाजाची मुख्यतः उजवी बाजूच बांधली होती. साउदॅम्प्टनच्या धक्क्याला मात्र डावी बाजू हवी. तेव्हा निरोपाचे प्रसंग उलटे चित्रित करून प्रतिमा फिरवली गेली. त्यासाठी पाट्यांवरील अक्षरेही उलटी रंगवावी लागली.

हा खटाटोप केवळ करमणुकीसाठी मानणे अन्यायाचे होईल. १९१२ च्या त्या दुर्घटनेत सुमारे दीड हजार माणसे प्राणास मुकली. त्यांचे मरण दाखविताना जिवंत माणसांचे प्राण पणाला लावणे ही सत्यनिष्ठा नव्हे. हौदात पाणी थोपवता येते, ऊन करता येते, बुडणाऱ्याजवळ पाणबुडा ठेवता येतो.

मराठी माणसाला ही विद्या परकी वाटू नये. पुण्याला समुद्र नाही. तरीही सागरी चाच्यांची कथा सांगणारा ‘अमर ज्योती’ (१९३६) पुण्याच्या ‘प्रभात’ने निर्माण केला. आज संगणक हव्या तेवढ्या लाटा उठवतो. तरीही ‘लाइफ ऑफ पाय’साठी (२०१२) तैवानमधील एका जुन्या विमानतळावर लाटांचा हौद बांधावाच लागला. कारण पाण्याशी झुंजणाऱ्या देहाची दमछाक अजूनही पाण्यातच दिसते. तो देह सुखरूप काठावर आणणाऱ्या कामगारांची नावे श्रेयनामावलीत सरकू लागतात, तेव्हा प्रेक्षकांनी आसन सोडण्याची घाई करू नये, एवढीच विनंती.