साक्ष शेजाऱ्यासमोर

देवनारला वि. ना. पुरव मार्गावरून बसने जाताना टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं फाटक दिसतं. १९५४पासून ही संस्था इथे आहे. चेंबूरच्या अनेक घरांतली मुलं तिथे शिकली, काही तिथे शिकवूही लागली. पण तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते, ही गोष्ट सहसा बोलण्यात येत नाही. ख्रिस्ती साक्षीचा विषय चेंबूरमध्ये मांडायचा, तर सुरुवात या फाटकापासूनच व्हायला हवी.

मॅनशार्ट १९२५मध्ये मुंबईत आले. पुढच्याच वर्षी त्यांनी नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ उभं केलं. मुसलमान, बगदादी ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशी मिश्र वस्ती. गिरण्या जवळ, कामाठीपुरा त्याहून जवळ. तिथे वाचायला जागा मिळाली, मुलांना खेळायला मैदान मिळालं. नागपाड्याचं बास्केटबॉल आजही मुंबईत नाव राखून आहे. या घरात कुणाचं धर्मांतर करायचं नाही, हे मॅनशार्ट यांनी आधीच ठरवलं होतं. वस्तीत राहून काम करताना त्यांना दिसलं, की नुसता कळवळा पुरत नाही, कामाचं शिक्षणही लागतं. त्यातूनच १९३६मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. १९४४मध्ये त्याचं नाव बदललं आणि दहा वर्षांनी ते देवनारला आलं.

मग यात सुवार्ता कुठे आली? श्रद्धावान माणसाच्या मनात हा प्रश्न येणारच, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. मराठी मंडळीत ‘साक्ष देणे’ म्हणजे प्रार्थनासभेत उभं राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. ते सांगणं मोलाचंच. पण साक्षीदाराची उलटतपासणीही होते, आणि ती करतो शेजारी. भाडेकरू, मोलकरीण, नळावर पाण्यासाठी रांगेत मागे उभा असलेला माणूस: यांना रविवारची साक्ष ऐकू येत नाही. त्यांना सोमवार ते शनिवारचं वागणं मात्र दिसतं.

मॅनशार्ट यांच्याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांच्या कितीतरी आधी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी काम केलं. १८९५मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा उलटतपासणी घरातच सुरू झाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोवळंओवळं सोडलं नाही. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे राहू दिलं. एवढा विद्वान, वक्ता, कवी घरात. पण बायकोला वादात हरवून ख्रिस्ताकडे आणण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातली जातीची बंधनं हळूहळू गळून पडली, आणि १९००मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या कीर्तनांहून, त्यांच्या अभंगांहूनही ही वाट पाहणारी पाच वर्षं मोठी वाटतात.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती, न झालेल्यांनाही होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबाराला पुरेसा वेळ मिळाला नाही, ही मराठी ख्रिस्ती समाजाची मोठी हानी.

त्यांच्याविषयी सर्वांत मोकळी साक्ष पुढे लक्ष्मीबाईंनीच दिली. १९३४पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये टिळकांचा संताप आहे, पैशाची बेफिकिरी आहे, घरातलं उचलून गरजूला देऊन टाकणं आहे. त्यांनी काहीच झाकलं नाही. म्हणून हे पुस्तक चर्चचा उंबरा कधीही न ओलांडलेल्या मराठी घरांतही प्रेमाने वाचलं जातं.