किल्ली कोणाच्या कमरेला?

(संस्थाचालकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेला त्यांच्या जुन्या शाळेच्या संस्थेकडून एक ई-पत्र आले. पाठवणाऱ्याच्या रकान्यात कार्यवाहांचा नेहमीचा पत्ता, खाली त्यांचे नाव आणि मजकुरात इमारतीच्या डागडुजीसाठी निधीचे आवाहन. बाईंनी निवृत्तिवेतनातून पंचवीस हजार रुपये पाठवले. चार दिवसांनी पावतीची चौकशी केली, तेव्हा कळले की कार्यवाहांनी असे पत्र लिहिलेच नव्हते. ‘जरा नीट पाहायचे होते,’ असे बाईंना सुनावणारे पुष्कळ भेटले. मला तो अन्याय वाटतो. पत्त्यात एका अक्षराचाही फरक नव्हता. बाईंनी नीटच पाहिले होते. पाहायला चुकली होती ती संस्था.

पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहावे, पोस्टमन ते तपासत नाही. ई-पत्रे वाहून नेणारी एसएमटीपी ही पद्धत १९८२ साली याच भोळ्या विश्वासावर उभी राहिली. त्या वेळी या जाळ्यावर मोजके संशोधक होते. परस्परांवर अविश्वास दाखवण्याचे त्यांना कारण नव्हते. पुढे सारे जग तिथे आले, पण पाकीट तेच राहिले.

यावर उपाय निघाले नाहीत असे नाही. आपल्या डोमेनच्या नोंदींत तीन गोष्टी लिहून ठेवता येतात. एसपीएफ या नोंदीत आमच्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, त्यांची यादी असते. डीकेआयएम म्हणजे पत्रावरील मुद्रा. शिवकालीन पत्रात मजकूर संपतो तिथे मोर्तब उमटवत, जेणेकरून त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये. हे तेच काम आहे, फक्त गणिताने केलेले. तिसरी नोंद डीमार्क. ती २०१२ साली पुढे आली. यादीत नसलेला आणि मुद्राही न जुळणारा कागद आला तर घेणाऱ्याने काय करावे, याचा हुकूम त्यात असतो : येऊ द्यावा, बाजूला ठेवावा की परत फिरवावा.

या शाळेच्या संस्थेने डीमार्कची नोंद केली होती. मात्र तीत हुकूम होता ‘येऊ द्यावा’. म्हणजे चोर दिसल्यास वहीत टिपून ठेवा, अडवू नका! सुरुवातीस चाचणी म्हणून असे करतात आणि ते योग्यही आहे. इथे ती चाचणी कित्येक वर्षे चालू होती. रोजचे अहवाल ज्या पत्रपेटीत येत होते, ती कोणी उघडतच नव्हते. या नोंदींना पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा त्या कोणाच्या अंदाजपत्रकात येत नाहीत आणि कोणाच्या ध्यानातही राहत नाहीत.

पण मुद्रा कितीही पक्की असली, तरी ती ठेवलेली पेटीच परक्याच्या हाती गेली तर? २०१६ सालच्या २२ ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी, ब्राझीलमधील एका मोठ्या बँकेवर हीच वेळ आली. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने पुढच्या वर्षी तिचे नाव न घेता तो प्रकार उघड केला. बँकेची तिजोरी कोणी फोडली नाही, तिच्या संगणकांनाही हात लावला नाही. चोरांनी बँकेच्या डोमेनच्या नोंदणीखात्याचा ताबा मिळवला आणि तिच्या सर्व, म्हणजे ३६ नावांच्या पाट्या आपल्या सर्व्हरकडे वळवल्या. ग्राहक खरा पत्ता लिहीत होता आणि खोट्या दारात पोहोचत होता. कुलपाचे चिन्हही होते. नाव ताब्यात असल्यामुळे त्याचे प्रमाणपत्र चोरांना रीतसर मिळाले होते. बँकेची ई-पत्रव्यवस्थाही त्याच नावावर चालत असल्याने तीही बंद पडली. आपल्या ग्राहकांना सावध करण्याचे साधनही बँकेच्या हाती उरले नाही! हे पाच-सहा तास चालले. त्या खात्याला दुहेरी खातरजमेची सोय उपलब्ध होती. बँकेने ती सुरू केलेली नव्हती.

पाटी वळवण्याचा आणखी एक मार्ग २००८ साली डॅन कमिन्स्की या अमेरिकी तज्ज्ञाने दाखवला होता. नावाचा पत्ता विचारणाऱ्या सर्व्हरला खऱ्या उत्तराआधी खोटे उत्तर देऊन फसवता येते. मोठ्या कंपन्यांनी गुप्तता राखून ८ जुलै रोजी एकाच वेळी दुरुस्ती प्रसृत केली. उत्तरांवर मुद्रा उमटवणारी डीएनएससेक ही पद्धत २०१० च्या जुलैमध्ये मूळ सर्व्हरांपर्यंत पोहोचली. तरीही ती आपापल्या नावाला लावून घेणारे आजही थोडेच आहेत.

छत्रपती शिवाजी महाराजांनी गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे एका दर्जाचे नेमले, ते उगीच नव्हे. एकटा फितूर झाला, तरी गड जाऊ नये. आपल्या संस्थांच्या डोमेनची किल्ली मात्र कोणाकडे असते? मी विचारपूस केली, तेव्हा उत्तर बहुतेक ठिकाणी एकच आले : ‘एका मुलाने करून दिले होते.’ नोंदणी त्या मुलाच्या नावावर, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर आणि तो आता परदेशात. वर्ष सरले, पैसे भरले गेले नाहीत, की ते नाव कोणीही विकत घ्यावे. संस्थेच्या दारावरची पाटी उतरवायला शत्रू लागतोच असे नाही.

स्वदेशीविषयी बोलायलाच हवे. २०१४ साली ‘.भारत’ हे नागरी लिपीतील नाव आले, याचा मला अभिमान आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना ‘बँक.इन’ या राखीव नावाखाली येण्यास सांगितले आणि ३१ ऑक्टोबरची मुदत दिली. हे नाव हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच देते; भुरट्याला ते सहज मिळणार नाही. पाऊल उत्तम आहे. पण नावाच्या शेवटी ‘.इन’ आले की आपण सुरक्षित झालो, असे समाधान मानणाऱ्या आपल्याच मित्रांशी माझा मतभेद आहे. ब्राझीलच्या त्या बँकेची नोंदणीही तिच्याच देशात होती.

त्या शाळेच्या संस्थेने पुढे काय केले, तेवढे सांगतो. एका माजी विद्यार्थिनीने नोंदी तपासल्या, विसरलेला एक जुना सर्व्हर यादीतून काढला, पत्रे तीन आठवडे पारखली आणि मग हुकूम ‘परत फिरवावा’ असा केला. नोंदणी संस्थेच्या नावावर आली. खात्याचा ताबा आता कार्यवाह आणि कोषाध्यक्ष अशा दोघांकडे आहे. सर्व देणगीदारांना टपालाने पत्र गेले. बाईंचे पंचवीस हजार परत मिळालेले नाहीत. यंदा त्यांनी देणगी दिली ती शाळेत स्वतः जाऊन, आणि छापील पावती घेऊनच त्या उठल्या.