गुडघा कामगाराचा, निर्णयही कामगाराचा

(वाराणसी येथील अहिल्याबाई घाटावर महाराष्ट्रातून आलेल्या कामगार कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



ज्या पायऱ्यांवर आपण बसलो आहोत, तो घाट आपल्या चौंडीच्या कन्येने, पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी, अठराव्या शतकात बांधून घेतला. एका अंगाला मुन्शी घाट, दुसऱ्या अंगाला शीतला घाट, समोर गंगामाई. पावसाळ्यातला पूर ओसरला की या पायऱ्यांवर गाळाचा थर बसतो. तो धुऊन काढणारे सफाई कामगार, ओझी वाहणारे हमाल आणि नाव ओढून बांधणारे नावाडी यांचे पाय त्याच गाळावर पडतात. पाऊल रुतलेले, अंग वळलेले, आणि गुडघा फिरतो. आतला दोर तुटायला तेवढा एक क्षण पुरतो.

आपला एक साथी आज खाली उतरलेला नाही, वरच बसला आहे. कारखान्यात पेटी उतरवताना त्याचा गुडघा असाच फिरला. पायरी चढणे त्याला जमते, उतरताना मात्र गुडघा दगा देतो. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, तीन प्रकार सांगितले आणि कोणता करायचा ते ठरवून या म्हटले. त्याने तो कागद आमच्यापुढे ठेवला. आम्ही डॉक्टर नाही. पण विचारपूस केली, वाचले, जाणकारांशी बोललो. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे मांडतो.

गुडघ्याच्या मध्यभागी मांडीच्या हाडाला नडगीशी बांधणारा एक अस्थिबंध असतो. डॉक्टर त्याला ए.सी.एल. म्हणतात. नडगी पुढे सरकू नये, गुडघा वळणावर निसटू नये, हे त्याचे काम. तो पुरता तुटला की सहसा आपोआप नीट जुळत नाही. सुश्रुताचे नाव या काशीशी जोडलेले आहे. त्याने गुडघ्याला मर्मस्थान मानले आणि तिथल्या इजेने लंगडेपण येते असे सांगितले. म्हणजे दुखणे जुनेच. या अस्थिबंधावरच्या पहिल्या नोंदलेल्या शस्त्रक्रियांपैकी एक 1895 साली इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी केली, आणि त्यांचा रोगी कोण होता? खाणीत दरड कोसळून जखमी झालेला 41 वर्षांचा खाणकामगार! हा विषय खेळाडूंचा आहे असे कुणी म्हणाले तर त्याला हे जरूर सांगा.

पहिला प्रश्न असा, की शस्त्रक्रिया हवीच का? स्वीडनमध्ये 121 तरुण रुग्णांचे दोन गट केले गेले. 62 जणांची लगेच शस्त्रक्रिया झाली. 59 जणांना आधी व्यायामोपचार देऊन, गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायची असे ठरले. 2010 साली निष्कर्ष आले. दोन वर्षांत त्या 59 पैकी 23 जणांना शस्त्रक्रिया करावी लागली, बाकीच्यांचे तिच्यावाचून भागले, आणि दोन्ही गटांची प्रकृती जवळपास सारखी होती. पाच वर्षांनी हा आकडा 30 झाला. उलट, 2022 साली ब्रिटनमधल्या 316 रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. हे रुग्ण मात्र दुखापत जुनी होऊन गुडघा लचकत राहिलेले होते. दोन्हींचा मेळ असा बसतो: ताज्या दुखापतीत सूज उतरेपर्यंत आणि पाय पूर्ण सरळ होईपर्यंत व्यायाम करून पाहावा. तरीही गुडघा वारंवार निसटत असेल, तर चालढकल करू नये. प्रत्येक निसटण्याने आतली गादी फाटण्याचा धोका असतो. गादी फाटून गुडघा अडकून बसला असेल तर थांबण्यात अर्थच नाही.

दुसरा प्रश्न, कोणती शस्त्रक्रिया? तुटलेली टोके शिवण्याचा मार्ग जुना. अनेक रुग्णांत ती शिवण काही वर्षांत निकामी झाली. आता तो हाडाजवळून सुटलेल्या, ताज्या आणि निवडक दुखापतींपुरताच आहे. बहुतेकांना दुर्बिणीतून नवा बंध बसवतात. तो बंध कुठून घ्यायचा, इथे कामाचा संबंध येतो.

वाटीखालच्या कंडरेचा बंध दोन्ही टोकांच्या हाडासकट येतो, पक्का रुजतो. पण गुडघे टेकले की पुढे दुखण्याची तक्रार राहू शकते. फरशी बसवणारा, यंत्राखाली गुडघ्यावर बसणारा फिटर यांनी हे आधी विचारात घ्यावे. मांडीच्या मागच्या कंडरा घेतल्या तर पुढचे दुखणे कमी, पण पाय पूर्ण दुमडून जोर लावण्याची ताकद काहीशी घटते. मांडीच्या पुढच्या कंडरेत टेकण्याचा त्रास वाटीखालच्यापेक्षा कमी, मात्र पुढचा स्नायू सावरायला वेळ लागतो. घोट्याजवळची कंडरा आपल्या देशात आता बरीच वापरतात. मांडी शाबूत राहते, पण दीर्घकाळचा अनुभव इतरांच्या मानाने थोडा आहे. मृत दात्याचा बंध तरुण, कष्टाचे काम करणाऱ्यात पुन्हा तुटण्याची शक्यता अधिक असते.

म्हणून डॉक्टरांना नुसते 'दुखते' सांगू नका. दिवसात किती वेळा गुडघे टेकता, उकिडवे बसता, शिडी चढता, किती वजन उचलता, हे सांगा. तुमच्या हातून यातल्या कोणत्या किती शस्त्रक्रिया झाल्या, हे नम्रपणे विचारा. स्क्रू आणि बटणाची किंमत आधीच लेखी मागा.

तिसरा प्रश्न पोटाचा. टेबलावरचे काम काही आठवड्यांत जमते, पण ओझ्याच्या कामाला चार ते सहा महिने, कधी त्याहून अधिक लागतात. 30 डिसेंबर 2022 च्या अपघातानंतर क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. दिमतीला सर्व साधने असूनही तो 2024 च्या मार्चमध्ये मैदानात परतला. त्याची दुखापत मोठी होती हे खरे. पण आपल्या हमालाने सहा आठवड्यांत पोते उचलावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची? राज्य विमा योजनेत आजारपणाचा लाभ मजुरीच्या 70 टक्के, तोही वर्षाला 91 दिवसांपुरता. कामावरची इजा म्हणून नोंद झाली तर 90 टक्के, आणि असमर्थता असेपर्यंत. म्हणजे त्याच दिवशी अपघात वहीत झालेली एक ओळ घरची चूल पेटती ठेवते. आपल्या साथीची ती ओळ लिहिली गेली नव्हती. 'लचकले असेल' म्हणून तो घरी गेला, आणि आम्हीही गेटवर लक्ष दिले नाही. ही चूक आमची आहे.

आता वर जाऊन आम्ही त्याला हेच सांगणार आहोत. कोणता बंध घ्यायचा हे त्याने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे. गुडघा त्याचा आहे, काम त्याचे आहे. व्यायामाला रोज सोबत करणे, राहिलेली नोंद साक्षीदारांसह करून घेणे आणि परतल्यावर हलके काम मागणे ही जबाबदारी आपली. उतरताना पायऱ्या जपून उतरा, बंधूंनो. आणि परतल्यावर सर्वांत आधी आपल्या खात्यातली अपघात वही कुठे ठेवली आहे ते पाहा.